मूळ संख्यांवरून मारामारी

माझ्या डाव्या कानाचा पडदा गणिताच्या एका प्रश्नावरून फाटला. हे कुणाला सांगितलं की माणसं आधी हसतात, मग माझ्याकडे नीट बघतात आणि हळूच विचारतात, "खरं सांगा मॅडम, जमिनीचं होतं ना?" त्यांचंही बरोबर आहे. आमच्याकडे मारामाऱ्या होतात त्या बांधावरून, गाडी लावण्यावरून, फुटबॉलवरून, निवडणुकीवरून. मूळ संख्यांवरून कुणी कुणाला मारल्याचं कोल्हापुरात ऐकिवात नाही. टीव्हीवर मात्र गणितावरून खून पडतात, आणि माझी गोष्ट तिथूनच सुरू होते.

मी कॉलेजात गणित शिकवते. माहेर नेसरीच्या बाजूचं, सासर मंगळवार पेठेत. एका उन्हाळ्यात आमच्या कॉलेजची जुनी प्रयोगशाळा एका मालिकेवाल्यांनी शूटिंगला घेतली. दर आठवड्याला नवा खून आणि तो शोधणारे तेच पोलीस, अशी मालिका. त्या भागात गणिताच्या एका प्राध्यापिकेचा खून होणार होता. फळ्यावर लिहायला कुणीतरी जाणकार हवं होतं, म्हणून प्राचार्यांनी मला पाठवलं.

दिग्दर्शक मुंबईचा. बोलायला गोड, पण सतत घाईत. तो म्हणाला, "मॅडम, जगात कुणालाच न सुटलेला प्रश्न द्या. फक्त प्रेक्षकाला अर्ध्या मिनिटात कळला पाहिजे."

असा प्रश्न मला माहीत होता. मी म्हटलं, "मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही. दोन, तीन, पाच, सात, अकरा, अशा. आता दोनाहून मोठी कुठलीही सम संख्या घ्या. ती दोन मूळ संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येते. दहा म्हणजे तीन अधिक सात. शंभर म्हणजे सत्तेचाळीस अधिक त्रेपन्न. संगणकानं आजवर तपासलेली एकही संख्या याला चुकलेली नाही. पण प्रत्येक सम संख्येचं असंच होणार, हे पावणेतीनशे वर्षांत कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही."

"वा! आणि हे सुटलं की सगळ्या बँकांचे पासवर्ड उघडणार, बरोबर?"

"नाही. यानं काहीच उघडणार नाही."

"मग कुणी खून कशाला करेल?"

"नाहीच करणार."

त्यानं माझ्याकडे कणव आल्यासारखं बघितलं आणि पटकथेत बँका ठेवल्या.

पटकथा मी तिथंच बाकावर बसून वाचली. प्राध्यापिका एका बैठकीत प्रश्न सोडवते. तिच्या डोक्याभोवती सोनेरी आकडे फिरतात. सहकारी ती सिद्धता चोरायला येतो, तिचं डोकं फळ्यावर आपटतो, आणि मरता मरता ती शेवटची ओळ स्वतःच्या रक्तानं फळ्यावर लिहून जाते. मी त्याला समजावून सांगितलं की सिद्धता अशी चोरता येत नाही. ती लिहायची, नियतकालिकाकडे पाठवायची, मग इतर गणिती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं ती उसवून बघतात. चोरानं चोरली तरी पहिल्याच शंकेला त्याची दातखीळ बसेल. आमच्या कामाचा बराचसा भाग म्हणजे काल लिहिलेलं आज खोडणं. तेच दाखवा की, मी म्हटलं. ती फळ्यासमोर उभी आहे, तिला आपलीच चूक सापडते, आणि ती गप्प खुर्चीत बसते.

"मॅडम," तो म्हणाला, "ब्रेकच्या आधी कुणीतरी मेलं पाहिजे."

तर मी फळा लिहिला. वरच्या अर्ध्या भागात जे जे लिहिलं ते सगळं खरं होतं, कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळणारं. खालचा अर्धा भाग त्यांना आणखी 'भारी' हवा होता, म्हणून सेटवरच्या पोरांनी तो भरला. त्रिकोण काढले, ग्रीक अक्षरं काढली, आणि कुणीतरी कोपऱ्यात रसायनशास्त्रातली बेंझिनची षटकोनी कडी काढली. मी पुसायला गेले तर दिग्दर्शक म्हणाला, "राहू दे, फ्रेम भरते."

फाइट मास्टर मात्र वास्तवाचा पक्का. तो इथलाच, एके काळी कुस्ती खेळलेला. मरणाऱ्या नटीला तो शेजारी बसवून शांतपणे सांगत होता, "ताई, कपाळ फुटलं की रक्त पयलं भुवईत साठतंय, मग डोळ्यात उतरतंय. माणूस डोळा पुसतो, बोंबलत न्हाय. बोंबलायला दम लागतो." त्यानं तिला फळ्यावर डोकं आपटल्यासारखं करायला शिकवलं, मान कुठं सोडायची, खांदा कुठं मारायचा ते. बेरजेच्या चिन्हाची कुणाला पर्वा नव्हती, पण रक्त किती दाट असावं यावर अर्धा तास चर्चा झाली.

मग ते तिला मारू लागले. परत, आणि परत. दर वेळी तिचं कपाळ पुसायचं, नवीन लाल ओतायचं, केस धरून फळ्यावर न्यायचं. माझ्या सम संख्यांवरून ते चिकट लाल ओघळत होतं. शेवटच्या टेकला खुनी झालेल्या नटाचा अंदाज चुकला. तिचं तोंड खरोखरच फळ्याच्या कडेवर आदळलं आणि ओठ दातात सापडून फाटला. ती वाकली, लाल थुंकली, ते त्या ओतलेल्या लालपेक्षा फिकट होतं. दिग्दर्शक मॉनिटरवरून म्हणाला, "हेच ठेवा." नटीनं हातानंच सगळ्यांना सांगितलं, ठीक आहे. मी तिला पाणी दिलं. ग्लास लाल झाला.

भाग लागला तेव्हा आमच्या घरी सगळे टीव्हीसमोर. धाकटे दीर ओरडले, "वहिनीचं अक्षर बघा की!" सासूबाईंनी खुनाच्या वेळी डोळ्यांवर पदर घेतला. मला हसू आलं ते सोनेरी आकड्यांना. त्यात एक भागाकार चुकलेला होता.

तोच भाग शाहूपुरीत आणखी एका माणसानं बघितला.

हा माणूस एम.एस्सी.ला माझ्या वर्गात होता. माझ्यापेक्षा हुशार होता, हे मी आजही म्हणते. पण त्याला कुठं नोकरी लागली नाही. त्यानं शाहूपुरीत अकरावी-बारावीचा क्लास काढला. काही वर्षं जोरात चालला. जिन्यापर्यंत चपला असायच्या. तो मुलांना प्लास्टिकच्या पाइपच्या तुकड्यानं मारायचा. उत्तर चुकलं की हातावर पाइप आणि हुकूम: "परत म्हण." पुन्हा चुकलं की पुन्हा पाइप. आईबाप कौतुकानं सांगायचे, सर मारतात म्हणजे शिकवतात. पुढं मोठे वातानुकूलित क्लास आले, मोबाइलवरचे क्लास आले, आणि याच्या जिन्यावरच्या चपला कमी होत गेल्या. त्या रिकाम्या तासांत तो सम संख्यांच्या त्याच प्रश्नामागं लागला. पूर्वी दोनदा त्यानं मला आपली सिद्धता दाखवली होती. दोन्ही वेळा मी चूक कुठं आहे ते सांगितलं होतं. तो कागद गोळा करून उठून गेला होता.

भाग लागल्यानंतर काही दिवसांनी, दुपारी, मी केबिनमध्ये पेपर तपासत बसले होते. तो हेल्मेट हातात घेऊन आत आला. बस म्हटलं तरी बसला नाही. दार त्यानं पाठीमागं हातानं लोटलं.

"माझी सिद्धता टीव्हीवर कशी आली?"

"कसली सिद्धता?"

त्यानं मोबाइल पुढं केला. टीव्हीचा थांबवलेला पडदा, त्याचा फोटो. फळा, त्यावर रक्त, त्याखाली माझं अक्षर. त्यानं बोटांनी तो मोठा केला. "ही ओळ. ही माझी हाय. मी तुला दाखवलेली."

"अरे, ही ओळ आपल्याला एम.एस्सी.ला शिकवलेली. पुस्तकात हाय ती."

"आणि हे खालचं? माझं पुढचं सगळं झाकाय तू हे काढलंस."

"ते बेंझिन हाय," मी म्हटलं, आणि मला हसू आलं.

"हसू नको. त्या बाईला का मारलं त्यात? सिद्धता बरोबर होती म्हणूनच की. चुकीच्या सिद्धतेसाठी कोण मारतंय कुणाला?"

तेव्हा मला कळलं की तो थट्टा करत नाही. मालिकेतल्या खुन्यानं सिद्धता चोरली होती, म्हणून माझ्या या मित्राच्या हिशेबी चोर मी. मी आवाज खाली घेतला. चहा मागवते म्हटलं. तो म्हणाला, "चहा नको. चूक कुठं हाय ते सांग. सांगच आज."

मी सांगितलं. शिक्षकाची जीभ, विचारलं की सांगते. "तू सरासरी काढलीयस. मोठ्या सम संख्यांना सरासरीनं भरपूर जोड्या मिळतात, हे खरं हाय. पण त्यातली एखादी संख्या बिनजोडीची राहूच शकत नाही, हे त्यातून निघत न्हाई. आता तूच बघ, वर्गाची सरासरी साठ आली म्हणून वर्गात कुणी नापासच न्हाई, असं म्हणशील का तू?"

हेल्मेट कानावर बसलं.

मालिकेत अशा वेळी धाडकन आवाज येतो. मला काहीच ऐकू आलं नाही. शिट्टी होण्याआधी कुकर जसा सुं करतो तसं डोक्यात सुरू झालं आणि खोली एका बाजूला कलली. दुसरा घाव मी हात वर केला म्हणून मनगटावर आला. तिसरा कुठं बसला ते आठवत नाही. मी खुर्ची आणि कपाटाच्या मध्ये खाली होते आणि त्याचा बूट माझ्या बरगडीत येत होता. एका कानानं मला त्याचा आवाज ऐकू येत होता, लांबून आल्यासारखा. तो म्हणत होता, "परत म्हण. परत म्हण चूक हाय."

मालिकेतली माणसं मार खाता खाता सबंध वाक्यं बोलतात. मला 'आई' हा शब्दसुद्धा सापडला नाही. रक्त भुवईत साठलं आणि डोळ्यात उतरलं. डोळा पुसताना हाताला टेबलाखाली ठेवलेलं कागदाला भोकं पाडायचं मशीन लागलं. लोखंडी, जुनं, जड. ते मी दोन्ही हातांनी धरलं आणि त्याच्या नडगीवर हाणलं. हाड लागल्याचं हाताला कळलं. त्यानं "आयो" केलं. मी पुन्हा त्याच जागी हाणलं. तो कोसळून माझ्यासमोर फरशीवर बसला. मला तिसऱ्यांदाही हाणायचं होतं, पण हात वर जाईना.

दोघंही धापा टाकत समोरासमोर बसलो होतो. त्याच्या पँटला रक्त, माझ्या साडीला रक्त, तपासलेले पेपर सगळीकडे. दार उघडून शिपाईमामा आत आले आणि जागीच उभे राहिले.

"मॅडम? काय झालं?"

उत्तर त्यानं दिलं. "डिस्कशन चाललंय," तो म्हणाला.

दवाखान्यात फौजदार जबाब घ्यायला आले. तोवर गावाकडून आई पोचली होती. मला बघून ती रडली नाही. कॉटचा लोखंडी दांडा तेवढा घट्ट धरून उभी राहिली. फौजदारांनी विचारलं, "जमिनीचं काय?"

"न्हाई."

"पैशाचं? बरं... जुनी काय ओळख, प्रेमबिम?"

"वर्गात होता. बाकी काही न्हाई."

त्यांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "जातीवरून काय बोलला काय? बोलला असंल तर सांगा, कलम वेगळं लागतंय."

आई माझ्याकडे बघत राहिली. आमच्या घरानं ते बोलणं पुष्कळ ऐकलेलं आहे, कुठं कसं बोललं जातं ते मला शिकवावं लागत नाही. पण ते त्या दिवशी झालं नव्हतं. "एक शब्द न्हाई," मी म्हटलं.

"मग भांडण कशावरनं?"

"सम संख्यांवरून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, मला हे वर साहेबांना सांगायचं हाय."

मी कानात बोळा, कपाळाला टाके अशा अवस्थेत त्यांना शंभरच्या सगळ्या जोड्या सांगितल्या: तीन सत्त्याण्णव, अकरा एकोणनव्वद, सतरा त्र्याऐंशी, एकोणतीस एकाहत्तर, एक्केचाळीस एकोणसाठ, सत्तेचाळीस त्रेपन्न. ते नीट ऐकत होते. मग एकदम म्हणाले, "त्यो भाग मी बघितलाय की! ती बाई रक्तानं फळ्यावर लिहिती. तुम्ही काय लिहिलासा?"

"मी नडगीवर हाणलं."

"हे बेस्ट केलासा," ते म्हणाले, आणि जबाबात 'शैक्षणिक वादातून' असं लिहून घेतलं.

त्याला अटक झाली, जामीनही झाला. मी घरी आले. बरगडीमुळं आडवं होता येत नव्हतं, म्हणून भिंतीला उशी लावून बसायची. त्या दिवसांत मला राग किती येऊ शकतो ते कळलं. भाजी चिरताना सासूबाईंची सुरी पाटावर वाजली की मला ते लोखंडी मशीन हातात हवंसं वाटे. मनात मी त्याला रोज मारत होते, आणि मालिकेसारखं नाही, तर फाइट मास्टरनं सांगितल्यासारखं, नीट, जागा बघून.

मग एका सकाळी धाकटे दीर तालमीतल्या दोन मित्रांना घेऊन शाहूपुरीला गेले. मला ठाऊक नव्हतं. भर क्लासमध्ये, समोर मुलं बसलेली असताना, त्यांनी त्याला बाकाच्या फळीनं बडवलं. पांढरा बोर्ड जिन्यावरून खाली फेकला. त्याचा उजवा हात बाकावर धरून ठेवला आणि त्यावर फळी घातली. जेवायच्या वेळी दीर घरी आले, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले.

"वहिनी, लिहिता हात मोडलाय. आता कसलं गणित सुटतंय बघू."

आधी मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? मग मी विचारलं, "पोरं होती काय तिथं?"

"व्हय. एक पोरगी लई रडत होती. तिला म्हटलं, बाई, तुला काय न्हाय करत."

मी उठून मोरीकडं गेले आणि उलटी केली. बरगडी पेटली. त्या पोरीनं पाइप खाल्ला असेल, आणि आता फळीही बघितली. तिला गणित म्हणजे काय वाटत असेल?

संध्याकाळी तेच फौजदार आले. आता तक्रार त्याच्या बाजूनं होती. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या घरातलं कोण गेलतं काय तिकडं?" सासूबाई, नवरा, दीर, सगळे माझ्याकडे बघत होते. फौजदारांना 'नाही' हे उत्तर चाललं असतं. वहीसुद्धा त्यांनी उघडली नव्हती.

"गेलते," मी म्हटलं. "माझे दीर."

दीर उठले. चप्पल घालून जीपमध्ये जाऊन बसले. सासूबाईंचा आवाज मात्र गल्लीभर गेला: "तुझ्यासाठी गेला त्यो! तुझ्यासाठी!" नवऱ्यानं मला विचारलं ते एवढंच, "गप्प बसली असतीस तर?" मला फक्त हे माहीत होतं की एका माणसानं मारलं ते लिहून घ्यायचं आणि दुसऱ्यानं मारलं ते नाही, हे मला जमलं नसतं. त्यानंतर कित्येक दिवस सासूबाईंनी मला ताट वाढलं पण हाक मारली नाही. दीर जामिनावर सुटून आल्यावर त्यांच्यासाठी कोंबडं कापलं, आणि त्या दिवशी माझ्या ताटात रस्सा आला, फोड आली नाही.

मालिकेच्या दिग्दर्शकाचाही फोन येऊन गेला. कुठून तरी त्याला कळलं होतं. "मॅडम, काय स्टोरी आहे! यावर भाग करू. फक्त शेवट बदलू, तुम्ही वारता असं." मी फोन ठेवला.

शेवटी वकिलांनी दोन्ही बाजूंना बसवलं. खटले वर्षानुवर्षं चालतील, दोन्ही घरं उठतील, तडजोड करा. मीही थकले होते. कोर्टाच्या व्हरांड्यात सही करायला आम्ही समोरासमोर आलो. त्याचा उजवा हात बरा झाला होता, पण बोटं वळत नव्हती. डाव्या हातानं त्यानं सही केली, वाकडी, पहिलीतल्या पोरासारखी. क्लास बंद झाला होता. तो गडहिंग्लजकडं आपल्या गावी निघाला होता. वकील बाजूला झाले तसा तो माझ्याजवळ सरकला. नेमका डाव्या बाजूला. मला ऐकू आलं नाही. मी वळले.

"ती सरासरीची पायरी मी बदललीय," तो म्हणाला. "एकदा बघशील काय?"

त्याच्या चेहऱ्यावर ना माफी होती, ना राग. होती ती फक्त आशा. त्या क्षणी मला दिग्दर्शकाचं एक म्हणणं पटलं: या प्रश्नासाठी माणूस मारेल. पण बँकेसाठी नाही, पासवर्डसाठी नाही. कुणीतरी 'बरोबर' म्हणावं, एवढ्यासाठी.

"न्हाई बघणार," मी म्हटलं.

"तू न्हाई तर कोण बघणार?"

"मला ठाऊक न्हाई."

तो मान हलवून जिना उतरला, एका पायानं जरा लंगडत. ती नडगी माझी.

आता मी वर्गात मुलांकडे तोंड करून उभी राहते ती फळ्याच्या माझ्या डाव्या हाताच्या टोकाला, म्हणजे सगळी मुलं माझ्या उजव्या कानाकडे येतात. नव्या मुलांना सुरुवातीलाच सांगून ठेवते की शंका मोठ्यानं विचारायची. परवा मागच्या बाकावरून एका मुलीनं ओरडून विचारलं, मॅडम, माझं उत्तर चुकलंय का? मी जाऊन तिची वही बघितली आणि म्हटलं, हो, तिसऱ्या ओळीत. ती बरं म्हणाली, खोडरबर घेतला आणि खोडू लागली.